अर्धं जू

माझं अक्षर वाकडंतिकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच उमगलं नाही, त्याची आधी माफी मागते. मी चौथीपर्यंत शिकले. पाचवीची शाळा दुसऱ्या गावात होती आणि घरी धाकटी भावंडं सांभाळायची होती, म्हणून शाळा सुटली ती सुटलीच. त्यानंतर लिहायचं काम पडलं ते सहीपुरतं. हे कागद कोणी वाचावेत असं मला वाटत नाही, तरी माफी मागते, कारण ती मागितल्याशिवाय हात पुढं जात नाही. तोंडानं सांगायला गेलं की माझं निम्मं बोलणं घशातच राहतं. लिहिताना तसं होत नाही, हे मला आत्ता या वयात कळतंय.

लातूरला आमच्या कॉलनीच्या मागं एक सभागृह आहे. बारसं, साखरपुडा, म्हाताऱ्या माणसांचा योगाचा वर्ग, सगळं तिथंच होतं. मी तिथं झाडलोट करते. माझे मालक वारल्यावर हे काम मला तिथल्या वॉचमन मामांनी सांगितलं. मामा नांदेड जिल्ह्यातले, उमरीकडचे. माझं माहेर चाकूरजवळचं. त्यांचं माझं नातं काहीच नाही, पण कॉलनीत सगळेच त्यांना मामा म्हणायचे, मीही म्हणायची. सभागृहाच्या किल्ल्या त्यांच्या कमरेला असायच्या. मी यायच्या आधी ते गेट उघडून ठेवायचे आणि मी गेले की लावून घ्यायचे.

सभागृहाच्या मागं पत्र्याचं शेड आहे. त्यात पूर्वी मंडपाच्या कनाती पडलेल्या असायच्या. नांदेडला सरकारी संस्थेत मुलांना सुतारकाम शिकवून रिटायर झालेले एक सर आमच्या कॉलनीत राहायला आले, आणि त्यांनी ते शेड मागून घेतलं. दर रविवारी सकाळी कोणीही यावं, थोडी फी भरावी आणि लाकडाचं काम शिकावं, असं त्यांनी ठरवलं. मला वाटलं होतं, गरिबाघरची पोरं येतील. आली कोण, तर दातांची डॉक्टरीणबाई, बँकेतून रिटायर झालेले दोघं, एक शाळेतल्या बाई, कॉलेजातली दोन-तीन पोरंपोरी. ज्यांच्या घरी पलंगसुद्धा दुकानातून तयार येतो ती माणसं पैसे भरून घाम गाळायला येतात, याचं मला हसू यायचं. मी झाडू घेऊन दारात उभी राहायची, वर्ग सुटायची वाट बघत.

एका रविवारी सर म्हणाले, "बाई, उभं राहून पाय दुखतात तुमचे. तेवढ्या वेळात हात चालवा." त्यांनी माझ्या हातात रंधा दिला. मी नाही म्हटलं नाही. नाही म्हणायलासुद्धा सगळ्यांपुढं तोंड उघडावं लागलं असतं. फीचं त्यांनी विचारलं नाही. मी विचारलं नाही. अशी मी त्या वर्गात शिरले.

सर रंधा मारायच्या आधी प्रत्येकाला लाकडावरून तळहात फिरवायला लावायचे, डोळे मिटून. एकीकडून हात गुळगुळीत जातो आणि उलटा आणला की टोचतं. टोचतं तिकडून रंधा मारायचा नाही. मी पहिले कितीतरी रविवार उलटाच मारला. लाकूड उचकटायचं, रंधा अडायचा आणि मी घाबरून थांबायची. सर यायचे, काही न बोलता लाकूड फिरवून ठेवायचे आणि जायचे.

पहिली वस्तू सगळ्यांची एकच होती, पोळपाट. डॉक्टरीणबाईंचा इतका जाड झाला की सर म्हणाले, "मॅडम, हा पोळपाट आहे का उंबरा?" माझ्या पोळपाटाचा एक पाय आखूड झाला. घरी सुनेनं त्यावर पोळी लाटली तर तो टकटक करायचा. सून म्हणाली, "आत्या, ह्याच्यावर पोळी लाटताना बँड वाजतोय." पण तिनं तो बाजूला ठेवला नाही. खाली कागदाची घडी घालून वापरत राहिली. मला त्याचा किती आनंद झाला ते मी कोणाला सांगितलं नाही.

आता ढलप्यांचं सांगते, कारण सगळं तिथूनच घडलं.

आमच्या गावी कोणी सुताराकडं औताचं काम घेऊन गेलं, की त्या घरची बाई टोपली घेऊन सुताराच्या दारात बसायची. ज्याचं लाकूड त्याच्या ढलप्या, अशी रीत. आई शेतात असली की मला बसवायची. लाकूड तासायच्या वाकसाचा घाव पडला की ढलपी उडायची आणि मी पळत जाऊन उचलायची, दुसऱ्या कोणी उचलायच्या आत. पावसाळ्यात चूल पेटवायला त्याच लागायच्या. वर्गात मात्र ढलप्यांना कोणी विचारत नव्हतं. सगळे आपापली वस्तू घेऊन गाडीत बसायचे आणि खाली नुसता ढीग पडलेला असायचा. सरांनी सांगून टाकलं, खाली पडलेलं सगळं झाडणाऱ्या बाईचं. आमच्या घरी गॅस आहे, पण अंघोळीचं पाणी अजून अंगणातल्या चुलीवर तापतं. मुलगा डाळमिलवर कामाला आहे, अंगभर भुसा घेऊन येतो, त्याला बादलीभर कडक पाणी लागतं. मी दर रविवारी पोतं भरून न्यायची. गेटापाशी मामा ते पोतं उचलून माझ्या डोक्यावर द्यायचे.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी वर्गात देवणीचे एक काका यायला लागले. शेती मुलानं विकली नव्हती, पण वाट्यानं दिली होती, आणि काकांना लातूरच्या फ्लॅटवर आणून ठेवलं होतं. बैल विकले होते. काकांना दिवसभर करायला काही नव्हतं, म्हणून सुनेनं त्यांचं नाव वर्गात घातलं. त्यांना आणि मला सरांनी एकाच बाकावर जागा दिली. आम्ही दोघंच सगळ्यांत मागं होतो. काका बोलायचे, मी ऐकायची. ते मला माय म्हणायचे, मी त्यांच्या लेकीच्या वयाची असले तरी.

एक दिवस काका रिक्षात घालून एक जू घेऊन आले. बैलांच्या मानेवर असतं ते. कडुलिंबाचं लाकूड, पण इतक्या वर्षांच्या तेलानं आणि घामानं काळं झालेलं. बैलांच्या माना जिथं लागायच्या तिथं दोन्हीकडं ते आत गेलेलं होतं, आणि त्या खळग्यात हात फिरवला तर आरशासारखं गुळगुळीत. कुठूनही फिरवा, टोचत नव्हतं. एकीकडं लोखंडाची पट्टी गोल ठोकलेली होती. काका म्हणाले, एकदा बैल बुजले, जू तडकलं, तेव्हा लोहारानं ती पट्टी मारून दिली होती. ती जोडी देवणीची होती, काळी-पांढरी. त्यांची नावंसुद्धा काकांनी सांगितली, पण ती मी इथं लिहीत नाही.

काकांच्या नातीचं लग्न ठरलं होतं. त्यांना तिच्या हळदीसाठी चौरंग करायचा होता, आणि त्याचे चारी पाय त्या जुवाचे करायचे होते. वरची फळी साधी चालेल, म्हणाले, पण पाय ह्याचेच.

सरांनी जू मधोमध कापलं. करवत मी एका बाजूनं धरली होती. एका अर्ध्याचे दोन पाय झाले, आत गेलेला भाग तसाच ठेवून. दुसरं अर्धं, पट्टीवालं, पुढच्या रविवारी करायचं होतं. काकांनी ते बाकाखाली ठेवलं आणि मला म्हणाले, "माय, ह्याच्यावर ध्यान ठेव." मी मान हलवली.

त्या दिवशी वर्ग सुटताना फोटो काढायचं ठरलं. कॉलेजातली एक पोरगी सगळ्यांना ओळीत उभं करत होती, ग्रुपवर टाकायला. डॉक्टरीणबाई मला हाका मारायला लागल्या, बाई या, तुम्हीपण या. मला फोटोत उभं राहायला नको वाटतं. अंगावर कामाची साडी, हातात झाडू, आणि ते सगळ्यांच्या फोनवर जाणार. मी ऐकू न आल्यासारखं केलं आणि भराभर ढलप्या गोळा करायला लागले. खाली वाकून, दोन्ही हातांनी कवळून, जे हाताला लागलं ते पोत्यात. बाकाखालचंही. मी बघितलं नाही. मला फक्त तिथून निघायचं होतं.

गेटापाशी मामांनी पोतं उचललं आणि म्हणाले, "आज जड हाय की." मी हसले आणि निघून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चूल पेटवली. थंडी पडायला लागली होती. पोतं चुलीपाशी उपडं केलं, तेव्हा अंधुक उजेड होता, आणि एक जाड ओंडका निघाला. मला बरं वाटलं. ढलप्या भुर्रकन जळून जातात, जाड लाकूड पाणी तापेपर्यंत टिकतं. मी तो आत सरकवला आणि हंडा ठेवला.

जाळ लागल्यावर त्याला वास सुटला. जुन्या तेलाचा, गोठ्याचा. मी वाकून बघितलं. उजेडात तो आत गेलेला भाग दिसला, आणि त्याच्या पलीकडं पट्टी.

इथवरचं जे झालं ते चुकून झालं. पुढचं चुकून झालं नाही, म्हणून हे लिहायला बसले. तेव्हा जू फक्त एका टोकाला पेटलं होतं. मी ते ओढून काढू शकत होते. शेजारी पाण्यानं भरलेली बादली होती. एवढं जळूनही त्याचा एक पाय नक्की निघाला असता, कदाचित दोन. मी हात पुढं केलाही होता. मग मनात आलं, हे असं काळं पडलेलं लाकूड घेऊन रविवारी सगळ्यांसमोर जावं लागेल. डॉक्टरीणबाई, बँकेचे साहेब, सर, सगळे बघतील. बोलावं लागेल. मी हात मागं घेतला, आणि लोखंडी फुंकणीनं ते जू चुलीत आणखी आत ढकललं. मुलगा त्या पाण्यानं अंघोळ करून कामाला गेला. राख गार झाल्यावर मी त्यातून ती पट्टी काढली, घासली आणि साडीच्या गाठोड्यात ठेवून दिली.

रविवारी शोधाशोध झाली. शेड उलटंपालटं केलं. मीही सगळ्यांबरोबर शोधत होते. कनाती उचलल्या, झटकल्या. काका बाकावर बसून होते. ते एवढंच म्हणाले, "असंल कुठंतरी."

सभागृहाचे सेक्रेटरी साहेब आले. त्यांनी मामांना बोलावलं. महिनाभरापूर्वी मामांनी सभागृहातले गंजलेले पत्रे भंगारवाल्याला दिले होते. सेक्रेटरींनी तोंडीच सांगितलं होतं, पण नंतर ते विसरले आणि त्यावरून कुरबूर झाली होती. आता तेच निघालं. किल्ली कोणाकडं, मामांकडं. भंगारवाला कोणाच्या ओळखीचा, मामांच्या. जुवाला लोखंड होतं का, होतं. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्या न्हाई नेलं." एकदाच म्हणाले. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. मी बघत होते, म्हणून मला माहीत आहे.

लग्न जवळ आलं होतं. सरांनी वखारीतून शिसवीचं लाकूड उधारीवर आणलं, त्यातल्या त्यात काळं म्हणून, आणि उरलेले दोन पाय त्याचे करून दिले. शिसव महाग असते. सर स्वतः पैसे भरणार होते. सेक्रेटरी म्हणाले, असं चालणार नाही, वस्तू सभागृहातून गेली आहे, जबाबदारी ज्याची त्याची. वखारीचं बिल त्यांनी मामांच्या पगारातून कापलं. पगाराच्या निम्म्याहून जास्त गेलं. मामांनी राहिलेला पगार घेतला, सही केली आणि रोजच्यासारखं गेट लावलं.

मी रोज ठरवायची, आज सांगेन. मामा गेट उघडताना म्हणायचे, "ये बाई." आणि मी आत जायची. पोतं डोक्यावर द्यायचं मात्र त्यांनी सोडलं. तेवढं एक सोडलं. मी पोतं भिंतीला टेकवून स्वतःच उचलायची. संक्रांत झाल्यावर मामा काम सोडून उमरीला निघून गेले. शेताकडं बघायला माणूस नाही, असं सांगून गेले. नवीन वॉचमन आला, तरुण आहे, फोनवर असतो.

फाल्गुनात काका परत वर्गाला आले. लग्नाच्या गडबडीत त्यांचं येणं थांबलं होतं. त्यांनी मला फोनमध्ये फोटो दाखवला. नात चौरंगावर बसलेली, हळदीनं पिवळी झालेली, आणि खाली चौरंगाचे पाय. काकांनी बोटांनी फोटो मोठा केला. "हे दोन माझ्या बैलाचे," म्हणाले, "आणि हे दोन दुकानाचे." ते हसतच म्हणाले.

पट्टी मी त्या दिवशी पिशवीत आणली होती. खरं सांगायचं तर मी ती कितीतरी रविवार आणत होते आणि परत नेत होते. मी ती काढून बाकावर, फोनशेजारी ठेवली.

काकांनी ती उचलली. आतून बोट फिरवलं. लगेच ओळखली त्यांनी. मग हळूच विचारलं, "चुलीत?"

मी मान हलवली.

"नीट जळालं का?"

मला वाटलं, ते टोमणा मारताहेत. पण ते खरंच विचारत होते. मी पुन्हा मान हलवली. काका म्हणाले, "आमच्या घरी समदी जुनी औतं चुलीतच गेली. माझ्या बापाचं जू म्याच फोडलं व्हतं, माझ्या आईनं त्यावर पुरण शिजवलं. लाकडाचं काही न्हाई, माय." मी रडायला लागणार तेवढ्यात ते पुढं म्हणाले, "पर त्या वॉचमनचं नाव घेतलं तवा तू हितंच व्हतीस की. कनात झटकून राहिली होतीस."

त्यावर मला मान हलवता आली नाही. काकांनी पट्टी खिशात टाकली आणि रंधा हातात घेतला. त्या दिवशी ते माझ्याशी पुन्हा बोलले नाहीत.

माझी मुलगी नांदेडला दिलेली आहे. तिला भेटायला जाते म्हणून घरी सांगितलं आणि एसटीत बसले. जवळ होते तेवढे पैसे घेतले होते. कापलेल्या रकमेच्या चौथाईसुद्धा नव्हते. चाकूर आलं, गेलं. माहेरचा फाटा दिसला, उतरून जावं वाटलं. नांदेडला मुलीकडं मुक्काम केला, तिला काही सांगितलं नाही, आणि सकाळच्या रेल्वेनं उमरीला गेले.

मामांचं घर विचारत विचारत सापडलं. मामी ओट्यावर मिरच्यांची देठं खुडत बसल्या होत्या. मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. लातूरहून आले, सभागृहात झाडायला असते, असं मी सांगितलं. त्यांनी बसायला पोतं टाकलं, पाणी दिलं आणि मामांना बोलवायला शेजारच्या बाईला शेताकडं पाठवलं. मला नुसतं बसवेना, म्हणून मीही देठं खुडायला लागले. नाक चुरचुरत होतं. मामा येईपर्यंत आम्ही दोघी खुडत होतो आणि शिंकत होतो. मामी म्हणाल्या, मिरची यंदा तिखट आहे. मी हो म्हटलं.

मामा आले, पाय धुऊन बसले. मी खाली मान घालून सगळं सांगितलं. किती हळू सांगितलं कोण जाणे, मामी मधेच म्हणाल्या, "मोठ्यानं बोल की." पैसे मामांपुढं ठेवले.

मामा म्हणाले, "पोतं म्याच उचलून दिलं होतं न."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. त्यांना पहिल्या रविवारपासून माहीत होतं. मी विचारलं, मग बोलला का नाहीत. ते म्हणाले, "बोललो असतो तर तुझं काम गेलं असतं. माझं कशाला जातंय, वाटलं. इतक्या वर्षांचा माणूस हाय मी तिथला." मग म्हणाले, "वाट बघितली तुझी. संक्रांतीपतोर."

मामींच्या हातातली मिरची तशीच राहिली होती. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. त्या मामांकडं बघत होत्या, मग माझ्याकडं वळल्या. "तुझ्या चुलीला माझ्या मालकाची पगार लागली का, बाई?" आवाज चढला नव्हता. "गावात लोक विचारतात, काम का सोडलं. ह्यो माणूस म्हणतो, शेतीसाठी. शेती हाय किती आमची? अन् तू हितं येऊन चार भिंतीत सांगून राहिलीस. पैसे घेईन मी, सोडणार न्हाई. पर जिथं ह्याला चोर म्हटलं तिथं सांग. चार माणसांत."

चहा झाला नाही. मी उठले.

पुढच्या रविवारी मी झाडू दाराशी ठेवला आणि आत गेले. सेक्रेटरी साहेबांना मीच नवीन वॉचमनकडून निरोप पाठवून बोलावलं होतं. ते येऊन उभे राहिले, घड्याळ बघत. सरांना म्हटलं, मला बोलायचं आहे. सरांनी सगळ्यांचे रंधे थांबवले. शेडमध्ये एकदम शांत झालं. एवढं शांत मी तिथं कधी ऐकलं नव्हतं.

मी बोलले. सगळं बोलले, जू पोत्यात गेलं तिथपासून ते फुंकणीनं आत ढकललं तिथपर्यंत. संपल्यावर मागून बँकेचे साहेब म्हणाले, "काय म्हणाल्या? ऐकू नाही आलं."

मला वाटलं, आता जमिनीनं मला पोटात घ्यावं. कोणी त्यांना हळूच सांगेल म्हणून मी थांबले. कोणी सांगितलं नाही. काका बाकावर होते, तेही गप्प होते. मग मी परत पहिल्यापासून सांगितलं, मोठ्यानं. दुसऱ्यांदा सांगताना जे पहिल्यांदा गाळलं होतं तेही आलं. मामांनी पोतं उचलून दिलं होतं आणि ते सगळं जाणून गप्प राहिले होते, ते.

"म्हणजे मामांनी काहीच नेलं नव्हतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या मला म्हणाल्या नाहीत, सेक्रेटरींना म्हणाल्या.

सेक्रेटरींनी तिथंच फोन लावला. मामा, परत या, म्हणाले. पलीकडून मामा काय बोलले ते आम्हाला ऐकू आलं नाही, पण साहेबांचा चेहरा पडला. फोन ठेवून ते म्हणाले, नाही म्हणतात. मग म्हणाले, कापलेले पैसे सभागृहाच्या फंडातून परत करू. सरही म्हणाले, मी देतो, मीच आणलं होतं लाकूड. मी म्हटलं, "न्हाई. चुलीत म्या घातलं. म्या देते." आमच्या गावाकडचं बोलणं आलं तोंडात, आणि आवाज पत्र्याला लागून परत आला.

काम मात्र माझं गेलं नाही. सेक्रेटरी काढतील असं वाटलं होतं. त्यांनी काढलं नाही, आणि महिनाभर माझ्याशी बोललेही नाहीत. ते मला बरंच वाटलं. मामांचं गेलं आणि माझं राहिलं, हे आजही मला टोचतं, रंधा उलटा मारल्यासारखं.

पैसे मी पोळपाट करून जमवले. सरांनी आंब्याच्या फळ्या वखारीच्याच भावात दिल्या, आणि मी झाडणं झाल्यावर शेडमध्ये बसून पोळपाट करायची. सुरुवातीचे टकटक करायचे. सर ते सपाट फरशीवर ठेवून हलवून बघायचे आणि परत द्यायचे. हळूहळू चारी पाय सारखे बसायला लागले. पहिला विकत घेतला शाळेतल्या बाईंनी. डॉक्टरीणबाईंनी दोन घेतले, एक बहिणीसाठी. सून म्हणाली, "बाहेर चांगले विकता अन् घरी बँडवाला." तिलाही नवा करून दिला, पण जुना तिनं टाकला नाही. काकांनी विकत घेतला नाही. ते माझ्या फळ्यांना पॉलिशपेपर मारून द्यायचे, बोलत नसले तरी. नंतर बोलायला लागले. ती पट्टी त्यांनी आपल्या काठीच्या टोकाला बसवून घेतली आहे. काठी फरशीवर टेकली की वाजते.

ढलप्या मी अजून नेते. पण आता पोतं भरताना जाड तुकडा लागला की वर धरते आणि विचारते, हे कोणाचं? सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारते. बहुतेक वेळा कोणाचंच नसतं. तरी विचारते.

थोडे जमले की मी नांदेडला जायची आणि तिथून उमरीला. मुलीला शेवटी सांगावं लागलं. ती म्हणाली, "माय, फोनवरून पाठवता येतात की पैसे." मला माहीत होतं. मी म्हटलं, नको. दुसऱ्या खेपेला मामी ओट्यावरच होत्या. पैसे मोजून घेतले आणि आत गेल्या. तिसऱ्या खेपेला बस म्हणाल्या. मामा कधी घरी असायचे, कधी शेतात. ते भेटले की लातूरची चौकशी करायचे, गेटाची कडी दुरुस्त केली का विचारायचे.

या दिवाळीच्या आधी शेवटचे पैसे घेऊन गेले. मामी ओटा सारवत होत्या. हात धुऊन आल्या, नोटा घेतल्या, बोटाला थुंकी लावून मोजल्या. एक नोट चिकटली होती म्हणून परत मोजल्या. आधीचे सगळे त्यांच्या ध्यानात होते. त्यांनी मनातल्या मनात बेरीज केली, ओठ हलत होते. मग नोटा पदराच्या गाठीला बांधल्या.

"भरले," म्हणाल्या. "समदे भरले."

मी हो म्हटलं. त्या आत चहा ठेवायला गेल्या.